उजव्या कोपऱ्यातलं बटण

रविवारी संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टिंग वाजलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवून उपयोग नाही, कारण दुखण्याचं मूळ कोल्हापूरजवळच्या उचगावात आहे. तिथं माझ्या सुनेच्या आईचं, म्हणजे आमच्या विहीणबाईंचं, रस्त्यावर मोठं किराणा दुकान आहे. त्या गल्ल्यावर बसल्या बसल्या जर्मनीला व्हिडिओ कॉल लावतात, नातीशी बोलतात, बोलता बोलता स्क्रीनशॉट काढतात आणि कॉल ठेवल्या ठेवल्या ग्रुपवर टाकतात. स्क्रीनभर माझी नात, तोंड उघडून हसणारी, वरचे दात दिसताहेत. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत विहीणबाई, त्याही हसणाऱ्या, मागं गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या. खाली मजकूर, तोही टाइप केलेला नाही, फोनला बोलून उमटवलेला: "आज लई खूश हुती बया."

नात माझी. माझ्या मुलाची मुलगी, माझं आडनाव लावणारी. आणि तिचं हसू मला दर आठवड्याला उचगावातून येतं. मी त्यावर एक अंगठा टाकतो. टाकताना दात-ओठ खातो, पण ते ग्रुपवर दिसत नाही.

या मत्सराला पाया आहे, उगाच जळणारा माणूस मी नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं. सून जर्मनीत, म्हणजे माहेरानंच तिकडं जायला हवं. विहीणबाई डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओव्याची पुरचुंडी आणि माझ्या बायकोनं शिवलेली कुंची घेऊन विमानात बसल्या. तीन महिने तिकडं राहिल्या. पोरीला पहिल्यांदा न्हाऊ त्यांनी घातलं, पहिली तीट त्यांनी लावली. आमची कुंची पोरीच्या डोक्यावर त्यांनी बांधली आणि फोटो पाठवला. आम्ही तो इथं कोल्हापुरात, शाहूपुरीत बसून बघितला. नंतर आम्ही जायचं ठरत होतं, तेवढ्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग पोरांची रजा जुळेना. नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि आम्ही दोघांनी तिला अजून एकदाही हातात घेतलेलं नाही. आमच्याकडं तिची असते ती रविवारची संध्याकाळ आणि कॉम्प्युटरचा पडदा.

त्या पडद्यावरची ती हातात राहावी म्हणून मी स्क्रीनशॉट शिकलो. मुलानंच फोनवर सांगितलं, "बाबा, डाव्या हातानं विंडोजचं बटण दाबून धरा आणि उजव्या कोपऱ्यातलं वरचं प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन जरा मंद होईल. झालं. फोटो आपोआप फोल्डरमध्ये पडतो."

मला वाटलं, एवढंच? मी आयुष्यभर केलं काय तर बटणं दाबायला शिकवली. शाहूपुरीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. निम्म्या शहरातल्या ऑफिसांत माझ्या हाताखाली तयार झालेली बोटं आहेत. मशीनवर नवीन पोरगं बसलं की त्याचं डोकं खाली जायचं, अक्षर कुठं आहे बघायला. मी मागून जायचो आणि त्याच्या हातांवर माझा रुमाल टाकायचो. "डोळे कॉपीवर. बोटांकडं बघायचं न्हाय. बोटांस्नी ठाऊक हाय." पोरं रडकुंडीला यायची. महिन्याभरात तीच पोरं मान न हलवता पान उतरवायची. एका बोटानं टाइप करणाऱ्याला तर मी क्लासात उभा करायचो आणि विचारायचो, "कोंबडीगत दाणं टिपतोस व्हय रं?" सगळा क्लास हसायचा. पुढं मशीनं भंगारात गेली, कॉम्प्युटर आले, मीही कॉम्प्युटरवर शिकवलं आणि मग वयानं क्लास बंद केला. पण ते वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतसुद्धा म्हणतो, असं बायको सांगते.

पण प्रिंट स्क्रीन हे बटण आमच्या मशीनवर नव्हतंच. आमची बोटं जिथं वस्तीला असायची त्या चार ओळींच्या पार पलीकडं, उजव्या बाजूला वर, तीन बटणांचं एक वेगळं टोळकं आहे, त्यात हे एक. त्यावर अक्षरं एवढीशी, तीही अर्धीमुर्धी. आयुष्यात कधी त्या गल्लीला जायचं कारण पडलं नाही.

त्यामुळं व्हायचं असं. नात पडद्यावर यायची, इकडंतिकडं बघायची, आणि आता हसणार असं दिसलं की मी बटण शोधायचो. सापडेपर्यंत हसू संपलेलं. फोटोत यायचा तो तिचा कान. नाहीतर रिकामी उंच खुर्ची. नाहीतर सुनेचा हात आणि चमच्यात भात. एकदा तर पोरगी आख्खीच्या आख्खी आली, पण डोळे मिटून, शिंकताना. फोल्डर भरत गेलं आणि ग्रुपवर टाकण्यासारखा एक फोटो निघेना. आणि बरोबर तेव्हाच उचगावातून टिंग.

"अवो, मोबाइलवर लावा की कॉल," बायको म्हणायची. "त्यावर सोपं असतंय म्हणं."

"मोबाइलवर ती पेरूएवढी दिसती," मी म्हणायचो. हे खरं होतं, पण निम्मंच. निम्मं असं की ज्या गोष्टीत विहीणबाई पुढं, त्याच गोष्टीत त्यांच्या मागून जायचं माझ्या जिवावर यायचं. बटणांचा माणूस मी. त्यांच्या दुकानात बिलाचं मशीनसुद्धा दुसरंच कुणीतरी चालवतं.

मग मंगळवार पेठेत एक लग्न निघालं, दोन्हीकडच्या नात्यातलं. जेवणं झाल्यावर विहीणबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. बाई अंगानं भरलेली, आवाज सगळ्या मांडवाला पुरेल असा. फोन काढला आणि एकेक फोटो दाखवायला लागल्या. आजूबाजूचे चार पाहुणे वाकून बघायला लागले.

"हे बघा, ही माझी नक्कल करत्या," विहीणबाई म्हणाल्या. फोटोत नातीनं हाताची ओंजळ करून पुढं धरली होती. "मी बरणीतनं गोळ्या काढून फोनम्होरं धरतो न्हवं, 'घे गं बया, घे' म्हणून, तर आता तीच मला गोळ्या देत्या. हिच्या आयला इचारा, दिवसभर हेच चाललंय तिचं. उचगावची आज्जी कशी करत्या म्हटलं की लगीच हात म्होरं."

पाहुणे हसले. मीही हसलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"तुम्ही न्हाय टाकत कधी फोटू, पावणं?" त्यांनी विचारलं.

"मी कॉम्प्युटरवर काढतो," मी म्हणालो. "मोठा येतो."

"निघत्यात न्हवं?"

"निघतात की."

"न्हाय, निघत नसतील तर सांगतो. लई सोपं हाय." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "ही तीन बोटं ठेवायची आन् वरनं खाली वढायची. झालं. पोरीवरनं नजरसुदिक काढाय लागत न्हाय."

टायपिंगच्या मास्तरला किराणा दुकानदारीण मांडवात बोटं चालवायला शिकवत होती. पाहुण्यांपैकी एक तर माझाच जुना विद्यार्थी होता, आता कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेला. तो मान डोलावून म्हणाला, "सर, हे बरं हाय की." घरी येताना रिक्षात बायको विहीणबाईंच्या साडीबद्दल सांगत होती आणि मी खिशातल्या खिशात तीन बोटं ओढून बघत होतो.

पुढच्या रविवारी मुलानं विषय काढला. नातीचा दुसरा वाढदिवस जवळ आला होता. तिच्या खोलीत, पलंगाच्या समोरच्या भिंतीवर, घरच्या माणसांचे फोटो लावायचे असं त्या दोघांनी ठरवलं होतं. रोज उठताना तिनं बघावेत, म्हणजे पुढं इकडं आल्यावर माणसं परकी वाटणार नाहीत.

"उचगावच्या आजीचे झालेत बाबा," तो म्हणाला. "बाळंतपणातले आहेत आणि स्क्रीनशॉट तर ढीगभर. तुमचा तिच्यासोबतचा एकसुद्धा नाही. तुम्ही स्क्रीनशॉट काढता ना? त्यातला एक चांगला पाठवा. दोघंही दिसायला पाहिजेत, तुम्ही आणि ती."

म्हणजे असं होतं. मी फोटो दिला नाही तर त्या भिंतीवर रोज सकाळी विहीणबाई गोळ्या देत हसणार आणि माझ्या नावाची जागा मोकळी राहणार. किंवा माझा एकट्याचा, पेन्शनच्या कागदासाठी काढलेला फोटो लागणार. पोरगी एक दिवस कोल्हापुरात उतरेल, उचगावकडं धावत जाईल आणि मला बघून आईच्या मागं लपेल. मला ते स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बायकोला शेजारी बसवलं आणि फोल्डर उघडलं. म्हटलं, एवढ्यातला एखादा तरी निघेल. एकेक फोटो मोठा करून बघत गेलो. कान. खुर्ची. भात. शिंक. एकात पोरगी बऱ्यापैकी आली होती, जरा पुसट, पण ओठ हसण्याच्या बेतात.

"हा चालंल," मी म्हणालो.

बायको चष्मा लावून पुढं वाकली. "ह्यात तुम्ही कुठं हाय?"

मी कोपऱ्यातली चौकट बघितली. इतके दिवस तिकडं कधी बघितलंच नव्हतं. माझी नजर मोठ्या चित्रावर, आपलं थोबाड कोण बघतो? चौकटीत आमची भिंत होती, भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि खाली एक टक्कल होतं.

मागचा फोटो उघडला. टक्कल. त्याच्या मागचा. टक्कल, आणि चष्म्याची वरची दांडी. मी भराभर मागं जात राहिलो. सगळ्या फोटोंत मी खाली मान घालून बसलेलो. विहीणबाई हसताहेत, टाळ्या पिटताहेत, गोळ्या देताहेत, आणि मी माझ्याच नातीपुढं मान खाली घालून बटण शोधतोय. क्लासात पहिल्या दिवशी बसलेलं पोरगं दिसायचं, तसाच. बायकोला हसू आवरेना. "मास्तर," ती म्हणाली, "रुमाल आणू का?"

मला हसू आलं नाही. मी फोल्डर बंद केलं आणि उठून गॅलरीत गेलो.

पुढच्या रविवारी कॉल सगळ्यांचा एकत्र होता, वाढदिवसाचं बोलायचं म्हणून. पडद्याचे तीन भाग झाले होते. एकात जर्मनी, एकात आम्ही, एकात उचगाव आणि बरण्या. मी ठरवलं होतं की आज बटणाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पण विहीणबाईंनी "घे गं बया" म्हटलं, नातीनं ओंजळ पुढं केली, काय हसली म्हणून सांगू, आणि माझा हात गेलाच. मान वर केली तेव्हा सगळे विहीणबाईंकडं बघून हसत होते.

"आता दाखव," सून पोरीला म्हणाली, "शाहूपुरीचे आजोबा कसे करतात?"

मी सरसावून बसलो. मला वाटलं, आपलंही काहीतरी आहे म्हणायचं. मी तिला बोबडं बोलून दाखवायचो, मांजराचा आवाज काढायचो, त्यातलं एखादं असेल.

नातीनं मान खाली घातली. अगदी छातीला हनुवटी लागेपर्यंत. मग उजव्या हाताचं एक बोट बाहेर काढलं आणि पुढच्या टेबलावर टिपायला लागली. टुक, टुक, टुक. थांबली, बोट हवेत फिरवलं, काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि पुन्हा टुक.

पहिल्यांदा हसल्या त्या विहीणबाई. असं हसल्या की त्यांचा फोन बरणीवरून घसरून आडवा पडला आणि आम्हाला नुसतं दुकानाचं छत दिसायला लागलं. छतावरून आवाज येत होता, "अगं बया बया! पावणं, हुबेहूब वो!" मुलगा हसत होता, सून तोंडावर हात धरून हसत होती, आणि माझी बायकोसुद्धा. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही. एका बोटानं, खाली मान घालून, दाणे टिपल्यासारखं. ज्यावरून मी पोरांना क्लासात उभं करून सगळ्यांना हसवायचो, ते दोन वर्षांच्या पोरीनं माझं म्हणून करून दाखवलं होतं. तिला आजोबा म्हणजे एवढेच ठाऊक होते.

त्या रात्री झोप आली, पण राग घेऊन. सकाळी उठलो, आंघोळ केली, आणि कपाटातून रुमाल काढला. कीबोर्डवर पसरला. दोन्ही हात रुमालाखाली घातले.

आधी जागेवर बोटं ठेवली, ती आपोआप बसली. मग डाव्या करंगळीनं विंडोजचं बटण चाचपलं, तेही लवकर सापडलं. अवघड उजवीकडं होतं. हात वर सरकवायचा, वरच्या ओळीच्या शेवटाला जायचं, तिथं बोटाला एक फट लागते, फटीच्या पलीकडचं पहिलं बटण. पहिल्यांदा शेजारचं लागलं. मग मधलीच कुठली तरी ओळ लागली आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं. मी स्वतःवर ओरडलो, जसा पोरांवर ओरडायचो. पुन्हा हात जागेवर, पुन्हा वर, फट, पलीकडचं पहिलं. पडदा मंद झाला. मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तेवढंच केलं. रिकाम्या पडद्याचे फोटो फोल्डरात पडत राहिले, निळं आभाळ आणि हिरवी टेकडी, पुन्हा आभाळ, पुन्हा टेकडी.

"हे कुणाला पाठवायचं हायती?" बायकोनं विचारलं.

"उचगावला," मी म्हणालो.

रविवारी कॉल लागला. या वेळी आमचाच, उचगावशिवाय. मी रुमाल पसरून, हात आत घालून बसलो होतो आणि डोळे पडद्यावर. आणि खरं सांगतो, पोरगी मला त्या दिवशी नीट दिसली. हसायच्या आधी ती डावीकडं आईकडं बघते, मग खालचा ओठ आत ओढते, आणि मग हसते. इतके रविवार मी नेमक्या त्या ओठाच्या वेळेला खाली बघत होतो. हनुवटीवर तिच्या एक बारीक ओरखडा होता. कशाचा म्हणून विचारलं तर सून म्हणाली, आता बरा होत आलाय, मागच्या वेळीच सांगितलं होतं तुम्हाला.

नात माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण ती जरा गप्प झाली. नेहमीचं टक्कल कुठं गेलं, हा कोण चष्मेवाला डोळे मोठे करून बघतोय? मग तिनं पडद्यावर माझ्या तोंडाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "आबा."

आणि मला ओळखल्याचं दाखवायला म्हणून तिनं मान खाली घातली आणि बोट टेबलावर टिपलं. टुक.

माझा हात वर गेला होता. फट लागली. पलीकडचं पहिलं. पडदा मंद झाला.

कॉल संपल्यावर फोल्डर उघडलं. कोपऱ्यातल्या चौकटीत मी होतो, आख्खा, समोर बघणारा, भुवया वर गेलेल्या आणि तोंड अर्धवट उघडं. आणि स्क्रीनभर माझ्या नातीची टाळू होती. मऊ विरळ केस, मधोमध एक भोवरा, खाली एक इवलंसं बोट. तोंड अजिबात दिसत नव्हतं. बायकोनं पदरानं पडदा पुसला, खरं तर तो स्वच्छच होता. "भोवरा तुमच्यासारखा हाय," ती म्हणाली. "तुमचं केस हुतं तवाचा."

मी तो मुलाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "बाबा, यात तिचा चेहराच नाही. पुढच्या रविवारी दुसरा काढू की."

"हाच लाव," मी म्हणालो.

"अहो पण ओळखू कशी येणार..."

"हाच लाव म्हटलं न्हवं? तिला कळतंय."

मग तोच ग्रुपवर टाकला. माझा पहिला स्क्रीनशॉट. खाली काही लिहिलं नाही. उचगावातून लगेच टिंग वाजलं. विहीणबाईंचं, बोलून उमटवलेलं: "पावणं ह्यात पोरीचं त्वांड कुठं हाय."

मी उत्तर टाइप केलं. डोळे फोटोवरच होते. "दिसत न्हाय. ती माझी नक्कल करत्या."

मग एक अंगठा आला. नुसता अंगठा. तो टाकताना दात कसे असतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.